कथेचा अभ्यास करताना संज्ञांच्या या चुका टाळा

कथेवरच्या उत्तरात ‘लेखक म्हणतो’ असं लिहिण्याआधी एकदा थांबा. कथेत ‘मी’ म्हणून बोलतो तो निवेदक, आणि बाकीच्या पात्रांसारखाच तोही लेखकाने घडवलेला असतो. हा फरक सुटला की पुढचं सगळं विवेचन घसरतं. हा ‘मी’ खोटं बोलत असेल, स्वतःची बाजू सावरत असेल किंवा लहान वयामुळे त्याला समोरच्या प्रसंगाचा अर्थच लागत नसेल, तरी त्याचं म्हणणं लेखकाचं मत म्हणून उत्तरात उतरतं. अशा निवेदकाला ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणतात; समीक्षक वेन बूथ यांनी १९६१मध्ये ही संज्ञा रूढ केली. तो ओळखायचा तर निवेदक सांगतो एक आणि प्रसंग दाखवतो दुसरंच, अशी जागा शोधा. ‘माझा कुणावर राग नाही’ म्हणणारा जुने अपमान तारीखवार सांगत सुटला असेल, तर उत्तराची सुरुवात त्या विसंगतीपासूनच करा.

दुसरी चूक याच्याच पोटातली. निवेदन तृतीयपुरुषी दिसलं की ‘सर्वज्ञ निवेदक’ असं लिहून मोकळं होणं. बोलतो कोण आणि पाहतो कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ही दोन वाक्यं पाहा: ‘मालतीने पत्र उशीखाली सरकवलं. दादाला ते दिसलं नसावं.’ सर्वज्ञ निवेदकाला दादाने काय पाहिलं ते ठाऊक असतं. त्याने सरळ ‘दिसलं नाही’ म्हटलं असतं. ‘नसावं’मध्ये अंदाज आहे, आणि तो मालतीचा आहे. म्हणजे निवेदन तृतीयपुरुषी, पण दृष्टिकोन तिच्यापुरता मर्यादित. दादा आता काय बोलेल ही तिची धास्ती वाचकालाही लागते ती यामुळेच. ‘नसावं’च्या जागी ‘नाही’ घालून वाचा, धास्ती ओसरते. परीक्षेत संज्ञेच्या नावापेक्षा हे निरीक्षण मोलाचं, असं माझं ठाम मत आहे.

कथानक विचारलं की सारांश लिहिला जातो. कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर यांनी १९२७मध्ये केलेला भेद आजही कामाला येतो: राजा मेला आणि मग राणी मेली, ही गोष्ट; राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. तुमच्या सारांशातल्या प्रत्येक ‘मग’च्या जागी ‘म्हणून’ बसतं का ते तपासा. जिथे बसत नाही तिथे निव्वळ योगायोग आहे, की लेखकाने कारण मुद्दाम दडवलंय? या प्रश्नाचं उत्तर शोधताना कथेची रचना उलगडू लागते.

विषय आणि आशयसूत्र यांतही गल्लत होते. ‘एकाकीपणा’ हा विषय झाला. त्याबद्दल कथा काय सुचवते ते पूर्ण वाक्यात सांगता आलं, तर आशयसूत्र हाती लागलं.

‘सारखा’ दिसलं की उपमा, हीही घाई नको. ‘दोघांचे शर्ट सारखे होते’ यात उपमा नाही. आणि ‘जणू’ आलं तर बहुतेकदा उत्प्रेक्षा असते, म्हणजे एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशी कल्पना.

सपाट पात्र म्हणजे लेखकाचं अपयश नव्हे. एकाच गुणावर उभं असलेलं दुय्यम पात्र कथेला हवंच असतं.

प्रतीकांच्या बाबतीत मात्र उत्साह आवरा. पाऊस म्हणजे दुःख, खिडकी म्हणजे स्वातंत्र्य, अशी ठरावीक समीकरणं कुठल्याही कथेला चिकटवता येतात, म्हणूनच ती कुठल्याच कथेबद्दल काही सांगत नाहीत. खिडकी डोळ्यांपुढे उभी राहिली तर ती प्रतिमा. प्रतीक म्हणायला त्याहून जास्त आधार लागतो. ती वस्तू पुन्हा येते का? मोक्याच्या क्षणी येते का? सुरुवातीला तिचा जो अर्थ वाटला तो शेवटापर्यंत बदलतो का? कथेतल्या किमान दोन जागा दाखवता येत नसतील, तर तिला खिडकीच राहू द्या.