घाटात गाडीला धाप लागते? डिझेल फिल्टर बदलताना या चुका टाळा

सपाट रस्त्यावर गाडी छान पळते, आयडलिंगलाही (गाडी उभी, इंजिन चालू) कुरकुर नाही. पण गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि समोर खंबाटकीचा चढ आला की पिकअप मिळेनासा होतो. अशा वेळी संशय आधी टर्बोवर (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) जातो, मग क्लचवर. माझ्या गाडीच्या टर्बोचा होज असाच बदलून झाला. पैसे गेले, धाप तशीच राहिली. दोष निघाला डिझेल फिल्टरमध्ये. चोंदलेल्या फिल्टरमधून आयडलिंगपुरतं डिझेल येत राहतं. चढावर इंजिन जास्त मागतं, तेव्हा ते कमी पडतं. म्हणून मोठ्या खर्चाकडे वळण्याआधी फिल्टर शेवटचा कधी बदलला ते बघा.

भलत्याच जागी शोधणं

डिझेल गाड्यांत तो बहुतेक वेळा बॉनेटखालीच असतो, केबिनच्या भिंतीला किंवा बॅटरीच्या आसपास. दोन-तीन पाइप जोडलेला डबा दिसेल, अनेक गाड्यांत त्याला एक वायरही असते. इंजिनच्या ब्लॉकवरच बसवलेला डबा म्हणजे ऑइल फिल्टर. दोघांत गल्लत करू नका.

पेट्रोल गाडीत ही कसरत वेगळी. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत प्लास्टिकचा छोटा फिल्टर पाइपमध्येच दिसायचा. बऱ्याच नव्या गाड्यांत तो टाकीच्या आत, पंपासोबत असतो आणि वाट मागच्या सीटखालून. ते काम घरी करू नका. इंजिन बंद केलं तरी एमपीएफआयच्या (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाच्या) लाइनमध्ये दाब शिल्लक राहतो, पाइप सोडला की पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं.

पाण्याच्या दिव्याकडे दुर्लक्ष

ही चूक सगळ्यात महागात पडते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी साचतं. तिथल्या सेन्सरपर्यंत पातळी आली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. 'दोन दिवसांनी बघू' म्हणत गाडी पळवली, तर ते पाणी पुढे पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, दाब हजार बारच्याही वर जातो आणि त्या पंपाला वंगण असतं ते डिझेलचंच. पाण्याने वंगण तुटतं, गंज चढतो, मग बिलाचा आकडा वाचवत नाही.

पाणी काढणं मात्र सोपं. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारण्याआधी खाली काचेची बरणी धरा आणि तळाचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करा. बरणीत पाण्याचा थर खाली, डिझेलचा वर, असा स्पष्ट दिसतो. नुसतं स्वच्छ डिझेल यायला लागलं की स्क्रू बंद. पावसाळ्यात हे एकदा तरी करावंच. बरणीतलं गटारात ओतू नका, गॅरेजमध्ये द्या.

एअर न काढता सेल्फ मारत राहणं

नवा फिल्टर बसवला, किल्ली फिरवली, गाडी चालू होईना. मग माणूस बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारतो. रिकाम्या फिल्टरमधली हवा लाइनमध्ये शिरलेली असते. हँड पंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली ऑनवर नेऊन काही सेकंद थांबा, बंद करा, असं तीन-चार वेळा. तरीही चालू झाली नाही तर सेल्फ थोडा थोडाच मारा, मध्ये बॅटरीला श्वास घेऊ द्या.

एअर नको म्हणून काही जण कॅनमधलं डिझेल नव्या फिल्टरच्या मधल्या भोकातून ओततात. स्क्रूने फिरवून बसवायच्या फिल्टरमध्ये मधलं भोक बहुधा गाळलेलं डिझेल बाहेर जाण्याचं असतं. म्हणजे कॅनमधला कचरा न गाळता थेट पंपाकडे! एअर नंतर निघते, कचरा निघत नाही.

जुनी रिंग, उलटा बाण

जुनी ओ-रिंग (जोड घट्ट बंद करणारी रबरी कडी) 'अजून चांगली दिसते' म्हणून परत बसवू नका. तिथून डिझेल गळतं किंवा हवा आत ओढली जाते आणि गाडी सकाळी चालू व्हायला त्रास देते. पाइपमधल्या फिल्टरवर बाण असेल तर त्याचं टोक इंजिनकडे. पाइपच्या प्लास्टिक क्लिपा उष्णतेने ठिसूळ झालेल्या असतात. पक्कड लावून ओढल्या की तुटतात. काम झालं की पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून जोडांवर कोरडा कागद फिरवा.

बदलायचे किलोमीटर मॅन्युअलमध्ये दिलेले असतात, पण नवा फिल्टर महिन्या-दोन महिन्यांतच चोंदला तर तिसरा आणू नका. टाकीत गाळ किंवा गंज आहे का, ते आधी बघा. जुना फिल्टर फेकण्याआधी त्यातलं डिझेल पांढऱ्या फडक्यावर ओता. काळा गाळ दिसला तर टाकी साफ करावी लागेल. चांदीसारखी चमकणारी बारीक भुकटी दिसली, तर हाय प्रेशर पंप झिजत असू शकतो. मग गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.