छाटणीपूर्वी बोअरच्या पाण्यातील लोह मोजताय? आधी कलरिमीटर तपासा

ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास द्राक्षबागेचा ठिबक संच धुऊन पुन्हा सुरू करण्यापूर्वी बोअरच्या पाण्यातील लोह मोजून घ्यावे. लोहाचे प्रमाण लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेले की ड्रिपर चोंदण्याचा धोका सुरू होतो आणि १.५ मिलिग्रॅमच्या पुढे तो गंभीर होतो. हे मोजण्यासाठी अनेक बागायतदार आणि शेतकरी गट आता हातात मावणारा कलरिमीटर, म्हणजे पाण्याला आलेल्या रंगाच्या गडदपणावरून लोहाचे प्रमाण सांगणारे यंत्र, वापरतात. मात्र शून्याचे बटण दाबले म्हणजे यंत्र तपासून झाले, हा समज चुकीचा आहे. शून्य केल्याने पाण्याचा मूळचा रंग आणि गढूळपणा तेवढा वजा होतो. यंत्र पुढे बरोबर मोजते की नाही, हे ज्ञात प्रमाणाच्या द्रावणाशिवाय कळत नाही.

त्यासाठी लिटरला १०० मिलिग्रॅम लोह असलेले प्रमाण द्रावण आणावे. त्यातील १ मिलिलिटर पिपेटने घेऊन मापन चंबूत डिस्टिल्ड वॉटरने १०० मिलिलिटरपर्यंत भरले की लिटरला १ मिलिग्रॅमचे द्रावण तयार होते. ते त्याच दिवशी वापरावे, कारण इतके पातळ द्रावण टिकत नाही. हे द्रावण यंत्राच्या काचकुपीत घेऊन त्यात अभिकर्मक (लोहामुळे रंग आणणारे रसायन) टाकल्यावर पाकिटावर दिलेला वेळ घड्याळ लावून पाळावा. रीडिंग ०.९ ते १.१ च्या दरम्यान आले तर शेतावरच्या कामासाठी यंत्र पुरेसे बरोबर आहे. त्याबाहेर आले तरी यंत्राची सेटिंग लगेच बदलू नये; दोष बहुधा काचकुपीवरील बोटांचे ठसे, आत अडकलेले बुडबुडे किंवा मुदत संपलेला अभिकर्मक यांचा असतो. कुपी मऊ कापडाने पुसून, तिची खूण दरवेळी एकाच दिशेला ठेवून चाचणी पुन्हा करावी. तरीही तीच तफावत राहिली, तरच माहितीपुस्तिकेनुसार सेटिंग दुरुस्त करावी.

अभिकर्मकाचे नवे पाकीट उघडले की नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवरही एक चाचणी घ्यावी. तिथे ०.०५ आले, तर त्या खेपेच्या प्रत्येक रीडिंगमधून तेवढे वजा करावे. ०.१ च्या आसपास निर्णय घ्यायचा असताना हा फरक लहान नाही.

नमुना घेण्यापूर्वी पंप दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा आणि चाचणी बोअरजवळच सावलीत उरकावी. विरघळलेले लोह हवा लागताच तांबूस होऊन तळाशी बसू लागते, त्यामुळे घरी नेलेल्या बाटलीतील वरच्या निवळ पाण्याचे कमी आलेले रीडिंग ग्राह्य धरू नये.