डिझेल परताव्याचं पत्र आणि हरवलेली अक्षरं

वेंगुर्ल्यात आमच्या मच्छीमार सोसायटीची पत्रं मीच लिहितो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बोटींच्या डिझेलवर भरलेला कर परत मिळवायचा, म्हणजे डिझेल परताव्याचा, पाठपुरावा याच दिवसांत होतो. प्रत्येक पत्राची मांडणी पहिल्यापासून करायचा कंटाळा आला, म्हणून मुद्दे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून पॅनडॉकने, म्हणजे अशा फाइलचं रूपांतर करून देणाऱ्या प्रोग्रामने, पीडीएफ करायचं ठरवलं.

पहिल्यांदा पीडीएफ झालीच नाही, नुसता एरर आला; पॅनडॉक पीडीएफ बनवायला जे नेहमीचं इंजिन वापरतो, त्याला देवनागरी अक्षरं चालत नाहीत. इंजिन बदलून झीलाटेक केलं, तर पीडीएफ जवळजवळ कोरी आली, फक्त विरामचिन्हं. मूळ फाँटात देवनागरीच नाही. मग फाइलच्या वर, तीन-तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये, 'मेनफाँट' म्हणून नोटो सेरिफ देवनागरी लिहिला. अक्षरं आली, पण 'विनंती'चं 'वनिंती' झालं आणि जोडाक्षरांचे पाय मोडले. असं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवायची लाज वाटली असती. दोन संध्याकाळी गेल्या. उपाय एका ओळीचा होता: तिथेच 'मेनफाँटऑप्शन्स'मध्ये 'स्क्रिप्ट', बरोबरचं चिन्ह (=) आणि 'देवनागरी' असं इंग्रजी स्पेलिंगने द्यायचं. ते सांगितल्याशिवाय ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी सरकत नाही.

उरला पत्ता. 'प्रति', पदनाम, कार्यालय, गाव, सगळं एकाच ओळीत धावत होतं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ आणि एक स्पेस दिली, की ओळी जिथल्या तिथे राहतात. विषय आणि संदर्भही मी तसेच लिहितो.

आता जुनी फाइल कॉपी करून तारीख आणि मुद्दे बदलतो. परवा तांडेलकाका पत्र हातात घेऊन म्हणाले, "छापखान्यातून आणलंस काय रे?" मला फार बरं वाटलं.