अर्धवट राहिलेली छोटी रेल्वे पुन्हा कशी धावती करावी

एन स्केलचा, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १:१६० प्रमाणातला लेआउट (फळीवर मांडलेली छोटी रेल्वे) अर्धवट टाकून काही वर्षं गेली की दोन मोह होतात. एक, सगळं उखडून नव्याने मांडायचं. दुसरा, जिथे थांबलो होतो तिथूनच डोंगर-झाडं पुढे करत राहायची. दोन्ही टाळा. आधी एक इंजिन न अडखळता एक पूर्ण फेरी मारेल एवढंच बघा. गाडी धावताना दिसली की उरलेल्या कामाला हात आपोआप वळतो.

माळ्यावरून फळी खाली घ्या आणि तिच्यावर लेव्हल पट्टी आडवी ठेवा. पट्टीखालून उजेड दिसला तर प्लायवूड वाकलंय. सोलापूरचा कोरडा उन्हाळा आणि मागून येणारा दमट पावसाळा लाकडाला हमखास खेळवतो. खालून जाड लाकडी पट्टी स्क्रूने आवळली की थोडा वाक निघतो. कडेने वाळवीची माती आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघून घ्या.

मग धूळ. मऊ ब्रशने झटका आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ कापड बांधून ओढा, म्हणजे सुटलेले बारीक भाग आत जात नाहीत. यंत्रमागाच्या वस्तीत घर असेल तर धुळीत सुताची तूस असतेच आणि ती चाकांच्या आसाला गुंडाळते. प्रत्येक डबा उलटा करून चिमट्याने ती काढा. एवढ्याचसाठी लेआउटवर चादर किंवा टॉवेल झाकू नका, मग तो आपल्या सोलापूरचा का असेना. प्लास्टिकचा कागदच बरा.

रुळांना पॉलिश पेपर लावू नका. त्याने बारीक ओरखडे पडतात आणि मळ त्यातच बसतो. वीज बंद करून, खिडकी उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेलं कापड फिरवा. कापड काळं यायचं थांबेपर्यंत पुसत राहा.

खरी गोम विजेत असते. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पातळ पत्र्याच्या जोडण्या काळाने सैल होतात, गंजतात, आणि इंजिन नेमकं लांबच्या टोकाला मंदावतं. वीज बंद ठेवून मल्टिमीटरने प्रत्येक जोड तपासा. कायमचा इलाज एकच: रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करायची. कंटाळवाणं काम आहे, पण या सगळ्यात सर्वांत मोलाचंही हेच. जोड मात्र सरसकट सोल्डर करून बंद करू नका. निकेल सिल्व्हरचा मीटरभर रूळ डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. हिवाळ्यात रूळ बसवताना तेवढी फट ठेवली नाही, तर उन्हाळ्यात तो मधूनच उचलला जातो.

इंजिनातलं जुनं तेल गोंदासारखं झालेलं असतं. ते पुसून सुईच्या टोकावर मावेल एवढंच, प्लास्टिकला चालणारं हलकं तेल गिअरला द्या. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल नकोच. चाकांसाठी रुळांवर अल्कोहोलने ओला केलेला टिश्यू आडवा टाका, पुढची चाकं त्यावर ठेवा, मागची उघड्या रुळावर, आणि इंजिन हाताने धरून हळू वीज द्या. टिश्यूवर दोन काळ्या रेघा उमटतील. मग इंजिनाची दिशा बदलून मागची चाकंही तशीच पुसा.

एक फेरी नीट झाली की जुना नकाशा समोर घ्या आणि त्यातलं निम्मं खोडा. एक वळसा आणि दोन फाट्यांचं स्टेशन बहुतेकांना पुरतं. सोलापूरकरांसाठी माझ्या मते याहून सुंदर वाट आहे. एन स्केलमध्ये दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, ९ मिलिमीटर. तेच १:८७ प्रमाणात धरलं तर खऱ्या रेल्वेत ७८३ मिलिमीटर होतं, आणि आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा नॅरो गेज होता ७६२. म्हणजे रूळ तेच ठेवून, जुन्या चाकांच्या सांगाड्यावर मोठ्या प्रमाणाचे डबे चढवले की कुर्डुवाडीची छोटी गाडी उभी राहते! ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली ही लाइन पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली आणि वारकऱ्यांची गाडी झाली. आता तिथे ब्रॉड गेज आहे. लहान फळीवरची तीव्र वळणंही नॅरो गेजला शोभतात. शिवाय देखावा दारातलाच: काळी जमीन, ज्वारी, बाभळी, चुन्याने रंगवलेलं छोटं स्टेशन.

रुळांमधली खडी सर्वांत शेवटी. काळ्या दगडाची कच बारीक चाळणीने चाळा, पण वापरण्याआधी कागदावर पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. आपल्या बेसाल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे कण असतात आणि ते मोटारीत ओढले जातात. खडी पसरून झाली की भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेलं पाणी फवारा. मग निम्मं फेविकॉल, निम्मं पाणी ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या, हलत्या पात्यांपासून गोंद लांब ठेवा आणि तो वाळेपर्यंत पाती अधूनमधून हलवत राहा. दुसऱ्या दिवशी रुळांचा माथा पुन्हा पुसून मगच गाडी सोडा.