रात्री तीनला जाग आली तर

अपरात्री जाग आली की किती वाजले ते बघायला हात आधी मोबाईलकडे जातो. तो आवरा. वेळ कळली की मन लगेच हिशोब मांडतं, ‘आता तीनच तास उरले’, आणि छातीतली धडधड वाढते.

अंदाजे २० मिनिटांत (मोजायची नाहीत) डोळा लागला नाही तर उठाच. कूस बदलत पडून राहिलं की अंथरूण म्हणजे काळजीची जागा, असं शरीर शिकतं. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, जुना दिवाळी अंक चाळा, श्वास सावकाश, लांब सोडा. डोळे जड झाले की मगच परत या. रात्र कशीही गेली तरी सकाळी नेहमीच्याच वेळेला उठायचं. हे फार जड जातं, मला ठाऊक आहे, पण पुढच्या रात्रीची झोप त्यानेच सुधारते.

चहा-कॉफी दुपारीच थांबवा. कॅफिन निम्मं उतरायला साधारण ५ तास लागतात. हप्ते, मुलांची फी, राहिलेली कामं संध्याकाळीच वहीत उतरवा.

आठवड्यातल्या ३ रात्री अशा जाऊन ३ महिने लोटले, तर डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. रात्रीच जीव फार घाबरला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.