खापरखवल्याची कवटी वाचायला शिकताना

खापरखवल्या म्हणजे मातीत बीळ करून राहणारा साप. त्याची कवटी पहिल्यांदा भिंगाखाली ठेवली तेव्हा ती माझ्या करंगळीच्या नखावर सहज मावत होती. त्याआधी दोन महिने मी धामणीची कवटी हाताळत होते. धामणीच्या डोक्यात सगळं सैल: वरचा जबडा, टाळूची हाडं आणि खालचा जबडा टांगणारी क्वाड्रेट, सगळी हलतात. इथे काहीच हलेना. नाकाडाची हाडं कपाळाच्या हाडांना घट्ट टेकलेली. मागची हाडं एकमेकांत इतकी मिसळलेली, की सांधा दिसायला दिवा तिरका करावा लागला. सुप्राटेम्पोरल, म्हणजे क्वाड्रेट ज्याला टांगलेली असते ते हाड, शोधण्यात अख्खी दुपार गेली. या गटात ते हाड बारीकसं उरतं किंवा नसतंच, हे मला नंतर कळलं.

म्हणून नव्याने या विषयात येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं, की आधी मोठ्या, सैल कवटीच्या सापावर दोन महिने काढा आणि प्रत्येक हाड हाताने रेखाटा. काय असायला हवं हे माहीत असल्याशिवाय काय नाहीसं झालंय ते दिसत नाही.

दुसरं, कवटी एकटी पाहू नका. खापरखवल्ये फक्त भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत सापडतात, आपल्या सह्याद्रीतही त्यांच्या जाती आहेत. कार्ल गान्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की यांच्या शरीराच्या पुढच्या भागातले स्नायू लालभडक, न थकता काम करणारे असतात आणि मागचे फिकट. पुढचा भाग इंजिन, मागचं शरीर डबे. पुढचं अंग फुगवून साप बिळाच्या भिंतीला घट्ट धरतो आणि डोकं पाचरीसारखं मातीत ठोकतो. हे समजल्यावर ती घट्ट कवटी मला एकदम अर्थपूर्ण वाटायला लागली.

आता माझी चूक सांगते, कारण ती बहुतेकांची होते. पहिल्या मसुद्यात मी लहान तोंड आणि आखूड क्वाड्रेट यांना सरळ ‘आदिम’ म्हटलं होतं. मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच लिहिलं: ‘आदिम, की पिल्लासारखं?’ त्या प्रश्नाने माझं काम बदललं. अजगराच्या गर्भात क्वाड्रेट बरीचशी उभी असते. वाढीबरोबर ती मागे कलते, सुप्राटेम्पोरल मागे लांबतं आणि जबड्याचा सांधा मागे सरकून तोंड मोठं होतं. खापरखवल्यात हा प्रवास होतच नाही. शिवाय शरीर लहान झालं तरी मेंदू आणि आतला कान त्या प्रमाणात लहान होत नाहीत, म्हणून कानाचा फुगवटा मोठा दिसतो आणि जबड्याला जागा कमी उरते. प्रौढ कवटी गर्भाच्या कवटीसारखी वाटते, ती अशी.

लहान तोंड म्हणजे एकच वारसा, असंही नाही. कुंडीतल्या मातीत सापडणारा वाळा साप घ्या. त्याचे दात फक्त वरच्या जबड्यात, आणि त्या जबड्याने तो मुंग्यांची अंडी-पिल्लं भराभर आत ओढतो. धाग्यासारख्या लेप्टोटिफ्लॉपिड सापांचे दात मात्र फक्त खालच्या जबड्यात. बाहेरून सारखं दिसतं, आतलं यंत्र उलटं.

सगळ्या सापांचा पूर्वज बिळात राहणारा होता का, हा वाद अजून मिटलेला नाही. २०१५ मध्ये डिनिलिसिया या जीवाश्म सापाच्या आतल्या कानावरून आणि २०१८ मध्ये हेलसिंकीच्या गटाने गर्भ व प्रौढ कवट्यांच्या आकारांची तुलना करून ‘हो’ म्हटलं. २०१९ मध्ये अर्जेंटिनातल्या नजाश या जीवाश्म सापाच्या कवट्या समोर आल्या आणि त्यांवरून पूर्वज मोठ्या अंगाचा, मोठ्या तोंडाचा असावा असं मांडलं गेलं. माझा कल अजून ठरलेला नाही, आणि मला ते आवडतं.

प्रयोगशाळेतलं एकच सांगते. कूर्चा निळी करणारा अल्शियन ब्लू आम्लात असतो. दिवडीचा एक गर्भ माझ्याकडून त्यात दोन दिवस जास्त राहिला. नंतर हाडं लाल करणाऱ्या अलिझारिनमध्ये टाकला, तर कवटी जवळजवळ कोरी. ‘या अवस्थेत हाड बनलेलंच नाही’ असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. खरं तर आम्लाने कॅल्शियम धुऊन नेलं होतं. तो गर्भ परत मिळणार नव्हता. जुन्या, आम्लयुक्त फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यांतही हेच होतं. तेव्हा आधी कोंबडीच्या गर्भावर हात बसवा आणि प्रत्येक बरणीवर वेळ लिहा.

खापरखवल्ये पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे अंडी उबवून गर्भ मिळवता येत नाहीत. संग्रहालयातली गाभण मादी आयोडीनमध्ये ठेवून मायक्रो-सीटी (बारीक तपशील दाखवणारं क्ष-किरण स्कॅन) करता येते, पोट फाडावं लागत नाही. साप पकडायचा तर सोडाच, रस्त्यावर मेलेला उचलायचा असेल तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनविभागाची परवानगी आधी घ्या. त्या कागदांना महिने लागतात, म्हणून अर्ज पहिल्याच सत्रात करा.

तोवर हात रिकामे ठेवू नका. ओव्हर्ट प्रकल्पाने १३,००० हून जास्त पृष्ठवंशी नमुन्यांचे स्कॅन केलेत आणि ते मॉर्फोसोर्स या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. असे स्कॅन उघडून पाहायचं थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एक खापरखवल्या उतरवून घ्या, एक अजगर घ्या, दोन्हींची क्वाड्रेट एकाच रंगात रंगवा आणि कवट्या शेजारी-शेजारी फिरवून पाहा.