आधी याद्या, मग प्रेम : रीजन्सी काळातील विनोदी प्रणयकथा कशी लिहावी

गिरगावातील आमच्या जुन्या खोलीत लाल कापडी बांधणीची एक वही होती. आत्याच्या लग्नाच्या बैठकीत ठरलेल्या याद्या तीत मांडलेल्या होत्या : विहीणबाईंना शालू १, करवलीला साडी १, वरपक्षाची माणसे ४०, पैकी बोरीबंदरला उतरणारी ११, आणि सर्वांत शेवटी, वेगळ्या शाईत, ‘जावईबापूंचा रुसवा : आयत्या वेळी पाहू.’ सोयीच्या लग्नावर विनोदी कादंबरी लिहू पाहणाऱ्याने ही शेवटची ओळ लिहिण्याच्या टेबलासमोर लावून ठेवावी, असे मी सुचवीन. अशा कथेत देण्याघेण्याचा व्यवहार आधी चोख मांडलेला असावा लागतो, आणि यादीत बसत नाही ते सारे आयत्या वेळी उपटावे लागते. व्यवहार जितका चोख, तितकी पुढची फजिती रंगतदार.

रीजन्सी काळ काटेकोरपणे ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२० एवढाच आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मनोविकारामुळे कारभार पाहण्यास असमर्थ ठरला आणि त्याचा थोरला मुलगा रीजंट म्हणून गादीचे काम पाहू लागला. सोयीच्या लग्नाचा नमुना शोधायला या रीजंटाच्या पलीकडे जावे लागत नाही. १७९५ साली त्याच्यावर सहा लाख पौंडांहून अधिक कर्ज होते, आणि ते फिटायचे तर लग्न करणे भाग होते. स्थळ ठरले ब्रन्सविकच्या राजकन्या कॅरोलिनचे, म्हणजे सख्ख्या आत्याच्या मुलीचे. पहिल्या भेटीत त्याने तिला आलिंगन दिले, तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि त्याने ब्रँडीचा पेला मागितला. तो फार लठ्ठ आहे आणि तसबिरीत दिसतो तसा मुळीच देखणा नाही, असे तिने मागाहून सांगितले. हे सारे तिला आणायला गेलेल्या मध्यस्थाने, लॉर्ड मामस्बरीने, लिहून ठेवले आहे. प्रसंग हसू आणतो, पण ही जोडी आपल्या कामाची नाही, कारण त्या दोघांना एकमेकांविषयी आदर नव्हता आणि कराराविषयी तर त्याहून नव्हता. विनोदी प्रणयकथेला करार अगदी प्रामाणिकपणे पाळू पाहणारी दोन माणसे लागतात.

पहिले काम कारण शोधण्याचे. लग्न न केल्यास नेमके काय बिघडेल, हे दोघांच्याही बाबतीत एका वाक्यात सांगता आले पाहिजे. येथे बहुतेक नवे लेखक कर्जबाजारी लॉर्ड निवडतात आणि त्याला तुरुंगाची भीती घालतात. उमरावांना दिवाणी कर्जापायी अटक होत नसे, त्यामुळे ही भीती पोकळ ठरते. नायक बॅरोनेट (वंशपरंपरागत ‘सर’ किताब असलेला, पण उमरावांत न मोडणारा) करावा, किंवा वडील हयात असलेला उमरावाचा वारस करावा, म्हणजे धनको दाराशी आल्यावर त्याला खरोखर घाम फुटेल. लंडनच्या फॅशनचा सर्वेसर्वा मानला जाणारा ब्रमेल १८१६ साली कर्जाला कंटाळून फ्रान्समधील कॅलेला पळून गेला, तो उमराव नव्हता म्हणूनच. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे ‘तिशीच्या आत लग्न कर, नाहीतर जहागीर चुलतभावाला’ असे मृत्युपत्र. वंशपरंपरेने बांधून ठेवलेली जमीन आणि किताब मृत्युपत्राने हिरावून घेता येत नव्हते. रोकड मात्र कोणाही लहरी आत्याला हवी ती अट घालून ठेवता येई, म्हणून मृत्युपत्र आत्याचे घ्यावे.

नायिकेचे कारण अधिक जपून निवडावे, कारण लग्नाने तिचे जास्त पणाला लागते. त्या काळच्या कायद्यानुसार लग्न होताच तिची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई आणि जमिनीचा कारभारही त्याच्या हाती जाई. तेव्हा सुज्ञ घराणी लग्नाआधी वकिलाकडून करारनामा करून घेत. पत्नीच्या चोळीबांगडीसाठी वर्षाला किती, वैधव्य आल्यास नेमणूक किती, धाकट्या मुलांसाठी किती, हे त्यात लिहिलेले असे आणि रक्कम विश्वस्तांच्या ताब्यात राही. बैठकीत याद्या होताना पाहिलेल्या वाचकाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे ‘सोय’ आणि ‘सोयरीक’ हे शब्द कानाला शेजारी राहणारे वाटतात, आणि मराठी लेखकाला मिळालेली ही आघाडी वाया घालवू नये.

यानंतर दुसरा, खासगी करारनामा लिहावा आणि तो खरोखरच कागदावर लिहावा. वकिलाला न दाखवलेली ही कलमे दोघे आपसात ठरवतात : एकमेकांच्या पत्रव्यवहाराची चौकशी करायची नाही, महिन्यातून दोनदा चारचौघांत एकत्र दिसायचे, आणि कोणत्याही परिस्थितीत प्रेमात पडायचे नाही. हे शेवटचे कलम सगळेच लिहितात. मी ते वगळते. त्याऐवजी क्षुल्लक दिसणारी कलमे घालते, कारण मोठे कलम मोडले की भाषण होते, लहान कलम मोडले की हसू येते.

सध्या लिहीत असलेल्या कथेतले एक कलम दाखवते. सर हेन्री थॉर्नबी यांची आर्थिक स्थिती अशी आहे की घरात वर्तमानपत्राची एकच प्रत येते; १८१५ नंतर सरकारी मुद्रांकामुळे एका अंकाला सात पेन्स पडत, त्यामुळे ही काटकसर खोटी वाटत नाही. चौथे कलम असे : ‘नाश्त्याच्या वेळी वर्तमानपत्र प्रथम सर हेन्री वाचतील.’ पहिल्या आठवड्यात लेडी थॉर्नबी समोर बसून त्यांनी उभ्या धरलेल्या अंकाची मागची बाजू वाचते, आणि ते पान उलटू लागले की म्हणते, ‘थांबावे, घोड्यांचा लिलाव अजून संपलेला नाही.’ तिसऱ्या आठवड्यात सर हेन्री एकच पान इतका वेळ धरून बसतात की चहा आणणाऱ्या बटलरला ते झोपले असावेत असे वाटते. पुढे ते आठवडाभर लंडनला जातात. परत येतात तेव्हा टेबलावर सहा अंक रचून ठेवलेले असतात (रविवारी दैनिक निघत नसे), आणि एकाचीही घडी मोडलेली नसते.

‘आपण वाचले नाहीत?’

‘चौथे कलम,’ ती म्हणते. ‘आधी तुम्ही.’

येथे प्रेमाचा शब्दही नाही. पण ‘आपण’ला उत्तर ‘तुम्ही’ने मिळाले आहे, आणि माझ्या मते मराठीत ही कथा लिहिण्याचे खरे सुख येथे आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम पुरते. त्या लेखकांना जवळीक दाखवायची तर नायिकेच्या तोंडी नायकाचे पहिले नाव घालावे लागते. आपल्या हाती ‘आपण’, ‘तुम्ही’ आणि ‘तू’ अशा तीन पायऱ्या आहेत. लिहायला बसण्याआधीच कोण कोणत्या प्रकरणात कोणती पायरी उतरणार, हे ठरवून ठेवावे. दोघांनी एकाच वेळी उतरू नये. एक खाली आला आणि दुसरा वरच राहिला की त्या अंतरात संवाद आपोआप खुलतो. आणि ‘तू’ हा शब्द प्रेमाच्या कबुलीसाठी राखून ठेवू नये, तेथे तो सर्वांना अपेक्षित असतो. रागात किंवा धास्तीत निसटलेला ‘तू’ अधिक गोड लागतो : नवरा चिखलातून चालत मध्यरात्री घरी येतो, आणि जिने चार महिने ‘आपण’ सोडलेले नाही ती जिन्यावरून ओरडते, ‘तू भिजला आहेस!’ मग दोघेही गप्प होतात, आणि बटलर मेणबत्ती घेऊन उगाचच दुसऱ्या दालनात जातो.

‘अहो’ मात्र टाळावे. ते आले की वाचकाच्या डोळ्यांपुढे तुळशीवृंदावन उभे राहते आणि लंडन पुसले जाते. त्या काळच्या बायकाही नवऱ्याला चारचौघांत किताबानेच हाक मारीत, तेव्हा ‘सर हेन्री’ पुरेसे आहे. बॅरोनेटला ‘सर’ पुढे पहिले नाव लावतात, त्याच्या पत्नीला ‘लेडी’ पुढे आडनाव. उलट केले की जाणकार वाचक तेथेच पुस्तक मिटतो.

लग्नाच्या प्रसंगात माझी स्वतःची फटफजिती झाली होती. पहिल्या कथेत मी संध्याकाळी, शंभर मेणबत्त्यांच्या उजेडात, गोरज मुहूर्तावर लावावे तसे लग्न लावले. दादरच्या आमच्या लहानशा वाचकगटात ते प्रकरण वाचून झाल्यावर एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी शांतपणे विचारले, ‘पाद्री इतक्या उशिरा आला कसा?’ १७५४ पासून लागू असलेल्या कायद्याने आणि चर्चच्या नियमांनी तेथे लग्न सकाळी आठ ते बारा या वेळेत, चर्चमध्येच लावावे लागे. त्याआधी लागोपाठ नसले तरी तीन रविवारी चर्चमध्ये जाहीर पुकारा होई आणि कोणालाही हरकत घेता येई. पुकारा नको असेल तर बिशपकडून परवाना घ्यायचा, पण एकवीस वर्षांखालील मुलामुलींना परवान्यासाठी पालकाची संमती लागे. वेळेचे आणि जागेचे बंधन सुटायचे तर कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना हवा. यांपैकी काहीच जमत नसेल, तर लंडनपासून तीनशे मैलांहून दूर, स्कॉटलंडच्या हद्दीत शिरताच लागणारे ग्रेटना ग्रीन. तेथे साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवराबायको’ असे नुसते म्हटले तरी लग्न होई. विनोदी कथेसाठी मला पुकाराच सर्वांत आवडतो. तीन रविवार म्हणजे हरकत घेण्यासाठी तीन संधी, आणि प्रत्येक रविवारी खोकणारी आत्या.

आणखी एका चुकीबाबत सावध करते, कारण ती जवळजवळ सर्वत्र आढळते. ‘आपण वर्षभर वेगवेगळ्या खोल्यांत राहू आणि मग लग्न रद्द करून घेऊ’ हे वाक्य नायकाच्या तोंडी घालू नये. केवळ शरीरसंबंध आला नाही म्हणून इंग्लंडमध्ये लग्न रद्द होत नसे. त्यासाठी नवऱ्याची असमर्थता सिद्ध करावी लागे, आणि त्यासाठी चर्चच्या न्यायालयात जी चौकशी होई ती कोणताही नायक आनंदाने सोसणार नाही. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट १८५७ पर्यंत संसदेत स्वतंत्र कायदा मंजूर करूनच मिळे. अर्थात नायकाने हे वाक्य चुकून म्हणावे आणि वकिलाने चष्मा पुसत त्याला वस्तुस्थिती सांगावी, असा प्रसंग रचला तर चूकच उपयोगी पडते. एकदा ‘हो’ म्हटले की मागचे दार बंद, ही जाणीव दोघांना लग्नानंतर झाली तर पुढची दहा प्रकरणे फुकट मिळतात.

पार्श्वभूमीला फार खर्च करू नये. लंडनच्या अल्मॅक्स या सभागृहातली बुधवारची नृत्यसभा, तिचे प्रवेशपत्र मुठीत ठेवणाऱ्या उमरावस्त्रिया, तेथील पातळ पाव-लोणी आणि लिंबू सरबत, एवढे एका परिच्छेदात उरकते. हवा मात्र कामाला लावावी. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. दोन कुटुंबे, एक न बोलणारी सासू आणि एक सर्दी झालेला पाहुणा यांना खेड्यातल्या हवेलीत जुलै महिन्यात अडकवून ठेवण्याचे इतके अस्सल निमित्त दुसरे नाही. फक्त तेथे आपला आषाढ ओतू नये. ती गार, किरकिरी झड आहे, आणि जुलैमध्ये शेकोटी पेटवावी लागणे हाच तिथला विनोद आहे.

त्या हवेलीत जो पैसा दिसतो तो कोठून येतो, हेही एखाद्या ओळीत यावे, असे मुंबईत बसून लिहिणाऱ्या मला वाटते. तो वेस्ट इंडिजच्या उसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमातून येई. कंपनीच्या नोकरीतून येई. नायक आरमारात असेल तर त्याची युद्धनौका येथेच बांधलेली असू शकते. १८१३ ची ‘कॉर्नवॉलिस’ वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, आणि दुसऱ्याच दिवशी लंडनजवळ रीजंटाची एकुलती एक मुलगी शार्लट बाळंतपणात वारली. राजघराण्यात औरस नातवंड उरले नाही. मग उतारवयाकडे झुकलेल्या, कर्जात बुडालेल्या राजपुत्रांची वधू शोधण्यासाठी जी धावपळ उडाली, तीतून जुलै १८१८ मध्ये लंडनजवळच्या क्यू येथे रीजंटाच्या दोन भावांची लग्ने एकाच समारंभात लागली. त्यांतल्या एका जोडप्याची मुलगी पुढे राणी व्हिक्टोरिया झाली. विनोदी कादंबरीत हे सारे घालायचे नसते, पण आत्याच्या तोंडी ‘राजपुत्रांनासुद्धा करावे लागते, तुझे काय मोठे’ हे वाक्य १८१८ सालीच शोभते आणि १८१४ साली शोभत नाही, एवढे लेखकाला ठाऊक असावे.

मसुदा पूर्ण झाला की खासगी करारनाम्याचा कागद पुन्हा काढावा. प्रत्येक कलमासमोर ते कोणत्या पानावर मोडले, कोणी मोडले आणि दुसऱ्याला ते कळले का, हे पेन्सिलीने लिहावे. जे कलम मोडलेच नाही ते कथेतून काढावे, किंवा आत्याला द्यावे. ती ते मोडल्याशिवाय राहत नाही. आणि सगळ्या कलमांपुढे खुणा झाल्यावर खाली थोडी जागा मोकळी राहिली असेल, तर तेथे काय लिहायचे ते गिरगावच्या त्या वहीत वेगळ्या शाईने लिहिलेले आहेच.